विहारामागची बंद घरं

कमलताई सभेला आल्या की आधी खुर्ची बघायच्या. रिकामी दिसली की ती उचलून पहिल्या रांगेत आणायच्या, पदरानं एकदा पुसायच्या आणि बसायच्या. बाकीच्या बाया सतरंजीवर, सरपंचबाईसुद्धा सतरंजीवर, आणि कमलताई खुर्चीवर, डॉक्टरांच्या अगदी समोर. एकदा सरपंचबाईंचे यजमान हसत हसत म्हणाले, "कमलबाई, पाव्हन्यासाठी ठेवली होती ती खुर्ची." ताई म्हणाल्या, "मंग पाव्हने आले का उठीन न. तवरीक रिकामी ठेवून तिच्यावर काय अंडे उबवाचे हाय?" पाहुणे आले. ताई उठल्या नाहीत. पाहुण्यांसाठी आतून दुसरी खुर्ची आली.

वावरात जाणाऱ्या बाया लुगड्यावरून पुरुषाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, कपाशीच्या वाळक्या बोंडांनी हात ओरबाडू नयेत म्हणून. गावात शिरताना तो काढून खांद्यावर टाकतात. कमलताई काढत नसत. निळ्या रेघांचा तो शर्ट घालूनच त्या सभेला यायच्या आणि त्याच्या खिशाला पेन असायचं. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. शर्ट त्यांचा होता की मुलाचा, हे मी कधी विचारलं नाही. मी एकूण फारसं काही विचारत नसे. आणि मला पगार मिळत होता तो मात्र विचारण्याचाच.

गावाचं नाव मी लिहीत नाही. ती सवय कामानं लावली. आमच्या यादीत ते सात नंबरचं गाव होतं, वर्ध्यापासून जीपनं पाऊण तासावर. अभ्यास बायकांच्या अंगातल्या रक्ताचा होता: किती जणींच्या अंगात रक्त कमी आहे, आणि त्याचा त्यांच्या कामाशी, खाण्याशी, बाळंतपणांशी काय संबंध. ज्या गावांत परिस्थिती वाईट निघेल तिथं पुढं वर्षभर दर महिन्याला सिस्टर जाणार होती, गोळ्या देणार होती, जास्तच असेल तर सेवाग्रामच्या दवाखान्यात पाठवणार होती. प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर 'लोकसहभाग' हा शब्द होता. मी नव्यानं लागले होते. इंग्रजी शाळेत शिकलेली, नागपूरच्या एका शांत कॉलनीत वाढलेली. वऱ्हाडी मला समजायची. बोलायला गेले की लाज वाटायची, म्हणून मी पुस्तकातलं मराठी बोलायचे, तेही कमी.

पहिली सभा आम्ही मंदिराच्या सभामंडपात घेतली, सकाळी अकराला. वीस-पंचवीस बाया आल्या, सगळ्या धुतलेल्या साड्यांतल्या. सर, म्हणजे आमच्या अभ्यासाचे प्रमुख डॉक्टर, अभ्यास समजावून सांगत होते. सभा संपत आली तेव्हा शर्ट घातलेली एक उंच बाई पायऱ्यांपाशी येऊन उभी राहिली. सावळी, पन्नाशीची, केस घट्ट मागे बांधलेले. मी दाराशी हजेरीची वही घेऊन बसले होते. "जय भीम," ती मला म्हणाली. मी थोड्या उशिरानं "नमस्कार" म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि वहीत सही केली. अक्षर मोठं होतं, एकेक वळण दाबून काढलेलं.

मग तिथूनच तिनं सरांना विचारलं, "साहेब, गावची सभा हाय म्हने?"

"हो, या ना, बसा."

"बसतो मंग. पन गाव इतलंच हाय का?"

सर थांबले. सर चांगले माणूस होते, त्यांना प्रश्न आवडायचे. "कोण राहिलं?" त्यांनी विचारलं.

"मी राह्यली असती. भाजीवालीनं सांगतलं म्हनून धावत आली. आमच्या बाया कुठी हाय आता? निंदाले गेल्या. अकरा वाजता ज्या बायाइले येता येते, त्याइचंच रक्त पाह्याचं असंन तं मंग सभा बराबर हाय."

सतरंजीवर कुजबुज झाली. एक म्हातारी म्हणाली, "कमल, तुले भांडाच लागते का व?"

"भांडून नाई राह्यली, मावशी. इचारून राह्यली. इचाराले काय जाते?"

त्या दिवशी तिनं सरांना सांगितलं, सभा तीन घ्या. एक इथं, एक विहारात संध्याकाळी, आणि एक वावरात जेवणाच्या सुट्टीत. तीन घेतल्या की म्हणा, गावाला विचारलं. सरांनी ते लिहून घेतलं आणि खरंच तीन घेतल्या. अभ्यासासाठी गावात करायच्या महिला समितीत नावं घालताना पहिलं नाव कमलताईंचं पडलं. पुढं इतर गावांतही आम्ही तीन-तीन सभा घेऊ लागलो. एका परिषदेत सरांनी त्याबद्दल सांगितलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावर वावरातल्या सभेचा फोटो होता. त्यात ताई पाठमोऱ्या दिसतात.

प्रश्नावली गावात नेण्याआधी समितीला वाचून दाखवायची होती. ते काम माझ्याकडे आलं. विहाराच्या ओट्यावर बसून मी वाचलं, "श्रम केल्यावर आपणांस धाप लागते का?"

"श्रम म्हंजे?" कमलताईंनी विचारलं.

"काम."

"मंग काम म्हना न. आमी काय श्रमदानाले चाललो?" बाया हसल्या. मी खाली मान घालून 'श्रम' खोडलं आणि 'काम' लिहिलं. "अन् ते आपनास का काय, तेही काढा. कोनी मोठ्या घरची सोयरीक आल्यावानी वाटते."

मी लगेच तेही खोडायला लागले तर त्यांनी माझ्या वहीवर हात ठेवला. "थांबा जरा. ह्या बाकीच्या काय म्हनते ते तं आयका. पहिले आयकून घ्या, मंग लिहा." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून नंतर खूपदा ऐकलं. टोळीतल्या पोरींना म्हणायच्या, ग्रामसेवकाला म्हणायच्या, फोनवर मुलालाही म्हणायच्या. त्या प्रश्नावलीतले अकरा प्रश्न त्या दुपारी बदलले. एक नवा आला: कामावर असताना पाणी कुठलं पिता. तो आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता.

रक्त तपासायचं ते बोटातून एक थेंब काढून, छोट्या यंत्रावर. ते कसं असतं हे दाखवायला आम्ही विहारात गेलो. चाळीसेक बाया जमल्या होत्या आणि एकही बोट पुढं करत नव्हती. मी समजावत होते की दुखत नाही.

"तुमचं पाह्यलं काय कवा?" कमलताईंनी विचारलं.

"माझं?"

"हाव, तुमचं. आमाले सांगता दुखत नाई. दाखवा न मंग."

चाळीस बायांसमोर मी बोट पुढं केलं. सिस्टरनं आकडा मोठ्यानं वाचला. साडेनऊ. तो कमी आहे हे मी दहा मिनिटांपूर्वीच त्यांना शिकवलं होतं. मागून एक आवाज आला, "अवं, मॅडमच पांढऱ्या!" आणि अख्खा विहार हसला. "शयरात खाले नाई भेटत काय?" दुसरी म्हणाली. कमलताई हसत नव्हत्या. त्यांनी माझं बोट धरून कापूस दाबला आणि म्हणाल्या, "हासू नोका. तिनं पहिले देल्लं. आता कोन येते?" पाच-सहा जणी उठल्या. तेव्हापासून त्या मला 'मॅडम' म्हणायच्या बंद झाल्या. 'पोरी' म्हणू लागल्या.

त्या दिवशी मी सुनीताला पहिल्यांदा पाहिलं. कमलताईंची सून, बावीस-तेवीस वर्षांची, खांबाला टेकून उभी होती. "ये व," ताईंनी बोलावलं तशी ती मागच्या मागं निघून गेली.

"सुईले भेते," ताई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमी घरोघरी येनार हा न? घरी आल्या का देईन ते. घरी पयाले जागा नाई."

सुनीताचं प्रकरण मला तुकड्यातुकड्यानं समजलं. कमलताई बारा बायांच्या टोळीच्या पुढारी होत्या. निंदणाला, वेचणीला शेतकरी त्यांनाच सांगायचा, आणि पहाटे विहारामागच्या ओळीतून त्या एकेकीचं नाव घेत चालत जायच्या. नाव घेतलं की दार उघडायचं. निंदण गुत्त्यानं असतं, सगळ्यांनी मिळून वावर उरकायचं; एक हात हळू पडला की सगळ्यांना उशीर. तो हळू हात सुनीताचा होता. तासाच्या, म्हणजे कपाशीच्या ओळीच्या, मध्येच ती बसायची. म्हणायची, डोळ्यांपुढे अंधारी येते. बाया पुटपुटायच्या, पुढाऱ्याची सून आहे, बसणारच. आणि कमलताई, ज्या गावात कुणालाही प्रश्न विचारायला घाबरत नसत, त्यांनी सुनेला दोन वर्षं एकही प्रश्न विचारला नव्हता. "कामचोर म्हटलं मी तिले," त्या मला एकदा जीपपर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या. "चारचौघात म्हटलं. वावरात म्हटलं. आता तुह्ये हे प्रश्न आयकते न मी, धाप लागते काय, चक्कर येते काय, तं मले तिचंच तोंड दिसते."

"तिला दवाखान्यात नेलं नाही?"

"म्हनते मले काई नाई झालं. पोरगा म्हनते, नाटक हाय तिचं. एवढं बोललो आमी तिले, आता आजारी हाय म्हनाचीही तिले चोरी. तू ये घरी. सगळ्याइचं पाह्य, तिचंही पाह्य. एकटीलेच नेलं तं येनार नाई, ओळीतल्या सगळ्याइनं देल्लं तं देईन. आळशी हाय का आजारी, एकडाव समजू दे. मले समजू दे."

मी म्हटलं, "येईन ताई."

नमुना चिठ्ठ्या काढून ठरला होता. विहारामागच्या ओळीतल्या अकरा घरांपैकी सात घरं निघाली, कमलताईंचं त्यात होतं. नियम साधा होता. निवडलेलं घर बंद असेल तर तीन वेळा जायचं, आणि तिन्ही वेळा वेगवेगळ्या: एकदा दिवसा, एकदा संध्याकाळी, एकदा सुट्टीच्या दिवशी. तिन्ही वेळा बंद सापडलं तरच ते घर सोडायचं आणि त्याच गावातलं दुसरं घ्यायचं. पत्रकावर प्रत्येक भेटीची तारीख, वेळ, शेवटी माझी सही.

पहिल्यांदा मी गेले ती मंगळवारी, साडेअकराला. वेचणीचे दिवस होते. सातही दारांना कड्या. एका ओट्यावर शेळी बसली होती. संध्याकाळी कमलताईंचा फोन आला. "पोरी, अकरा वाजता कोन भेटीन? सकाळी सहाले ये. आमी साडेसहाले निघतो."

"सहाला गाडी नसते, ताई. जीप नऊनंतर निघते."

"मंग मुक्कामाले ये. माह्या घरी राह्य. सकाळी उठल्या उठल्या एकेकीचं बोट धर. मी हाक मारतो, कोनी नाई म्हननार नाई."

मी म्हटलं, "घरी विचारते." घरी मी विचारलं नाही. मला जायचं नव्हतं. का जायचं नव्हतं, याची कारणं मी स्वतःला सांगितली: न्हाणीला दार नसेल, मला अनोळखी ठिकाणी झोप येत नाही, संस्थेच्या नियमात बसणार नाही. यातलं एकही मी तपासून पाहिलं नव्हतं. चार नंबरच्या गावात एका पाटलांच्या घरी मी दोन दिवस राहिले होते. तिथंही न्हाणीला दार नव्हतं. साडी लावलेली होती. ते मला तेव्हा आठवलं नाही असं म्हणायला मला आवडेल. ते आठवलं होतं.

ताईंनी अजून दोनदा फोन केला. मी उचलला नाही. त्या आठवड्यात सात नंबरच्या गावाचे कागद पूर्ण करून द्यायचे होते. वर्ध्याच्या माझ्या खोलीत, दुपारी, टेबलाशी बसून मी सात घरांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भेटी लिहिल्या. गुरुवार, संध्याकाळी सहा वीस: घर बंद. रविवार, संध्याकाळी पाच चाळीस: घर बंद. दुसऱ्या भेटींसाठी मी पेन बदललं. तिसऱ्यांसाठी परत पहिलं घेतलं. सात घरांच्या बदली सात घरं मला एकाच सकाळी मिळाली, चौकातली, मंदिराजवळची. त्या बायांनी चहा दिला.

सभेत सगळ्यांसमोर ताईंनी सरांकडून एक शब्द घेतला होता: जे निघेल ते आधी गावाला सांगायचं, मग वर पाठवायचं. सरांनी तो पाळला. ग्रामपंचायतीच्या खोलीत पडदा लावला. कमलताई पहिल्या रांगेत खुर्चीवर होत्या, मागं सतरंजीवर त्यांच्या टोळीतल्या सात-आठ जणी. त्या दिवशी त्यांनी काम सोडलं होतं. सुनीता दारात उभी होती.

सरांनी सांगितलं, तुमच्या गावातल्या बायकांची प्रकृती आसपासच्या गावांपेक्षा बरी आहे. आनंदाची गोष्ट आहे. त्यामुळे दरमहा येणारी सिस्टर आपण पाच आणि नऊ नंबरच्या गावांना देत आहोत.

टाळ्या सुरू झाल्या. कमलताईंनी हात वर केला.

"साहेब, यात आमच्या ओळीतलं कोन हाय?"

सरांनी कागद चाळले. मग माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले. "ती घरं बंद होती," मी म्हटलं.

"तीन वेळा गेलात ना?" सरांनी विचारलं, माझी बाजू घेण्यासाठीच.

"हो. तीन वेळा."

"तिसऱ्यांदा कवा आलती?" हे कमलताईंनी विचारलं. अगदी हळू.

"रविवारी. संध्याकाळी."

मागून एक बाई म्हणाली, "रविवारी संध्याकाळी तं आपन सगळ्या विहारात वंदनेले असतो, हे आली असती तं..."

"तू गप्प बस व," कमलताई म्हणाल्या. त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. मग सरांना म्हणाल्या, "बरोबर हाय, साहेब. आमचे घरं बंदच असते. आमी कामावर असतो."

सर म्हणाले, "पुढच्या वेळी नक्की घेऊ." सतरंजी गुंडाळली गेली. दारातून सुनीता कधी गेली ते कुणाला कळलं नाही.

मी जीपमध्ये बसले होते तेव्हा ताई खिडकीशी आल्या. मला वाटलं, आता बोलतील. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी काचेच्या कडेवर हात ठेवला. "तुह्यी नोकरी गेली असती," त्या म्हणाल्या. "म्हनून मी लबाड बोलली. पोरीच्या जातीले नोकरी भेटत नाई लवकर." मग म्हणाल्या, "पन आता मी सुनीताले काय सांगू? गाव बरं हाय म्हनते. मंग तू काऊन बसतं, म्हनतीन बाया."

मी "सॉरी ताई" म्हटलं. इंग्रजीत. त्या गेल्या.

त्यानंतर दोन महिने मी गप्प राहिले. रोज कामावर गेले, नऊ नंबरच्या गावात सिस्टरला घरं दाखवली. तिथं जाताना सात नंबरचा फाटा लागतो. तो आला की मी पिशवीत काहीतरी शोधायचे. एकदा फाट्यावर ताईंच्या टोळीतली एक बाई भेटली. ती माझ्याशी नीट बोलली, तेच मला सहन झालं नाही. तिच्याकडून कळलं की कमलताईंनी सुनेला टोळीतून काढलं. बाया कुरकुर करत होत्या, आणि सभेत आता डॉक्टरांनीच सांगितलं होतं की गावातल्या बायकांना काही झालेलं नाही. "सोताच्या सुनेले काढलं," ती कौतुकानं म्हणाली. "आपलं-परकं नाई करत ते. म्हातारी लय खरी हाय." सुनीता मग गावातल्या दुसऱ्या टोळीत जायला लागली, जिथं तिला कुणी ओळखीनं बसू देणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. पेन बदललेलंही सांगितलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. अहवाल जाऊन महिना झाला होता. ते रागावले नाहीत. मला गावातल्या कामावरून काढून ऑफिसात बसवलं, माझी बाकीच्या गावांतली पत्रकं एकेक करून पुन्हा तपासायला घेतली, आणि अहवालामागून एक टीप पाठवली: नमुन्यात मजुरीला जाणाऱ्या स्त्रिया कमी असण्याची शक्यता आहे. मग म्हणाले, "उद्या गाडी पहाटे काढायला सांगतो. सिस्टरला घेऊन तू जा. त्यांना तू सांग."

सहाला दहा कमी असताना आम्ही विहारामागं पोचलो. उजाडत होतं. चुलींचा धूर, ओळीतली सगळी दारं उघडी. इतक्या दिवसांत ती दारं उघडी मी पहिल्यांदाच पाहत होते. कमलताई शर्टाची बटणं लावत बाहेर आल्या. मी ओट्याखाली उभी राहून सांगितलं. हळू सांगत होते तर त्या म्हणाल्या, "मोठ्यानं सांग. सगळ्याइचे घरं लिहिले व्हते न तू?" म्हणून मी मोठ्यानं सांगितलं. बाया एकेक करून जमल्या. कुणी हसलं नाही. त्या दिवशी सभेत बोललेली बाई म्हणाली, "मी म्हनतच व्हती, रविवारी आपन विहारातच असतो, हे आली असती तं दिसली असती."

"सांगून झालं न तिचं?" कमलताई म्हणाल्या. "चला, बोटं काढा. उशीर होते." मग मला विचारलं, "आता हे आकडे तुमच्या त्या कागदात चढतीन काय?"

"नाही, ताई. तो कागद बंद झाला. एक टीप पाठवली आहे."

"म्हंजे कागदावर गाव बरंच राह्यलं."

"हो."

त्यांनी मान हलवली. रागानं नाही, नुसतीच, ऐकल्यासारखी. आणि पहिलं बोट स्वतःचं दिलं. एकेकीचं झालं. सिस्टर आकडे मोठ्यानं वाचत नव्हती, नुसती लिहीत होती, आणि तिचा चेहरा बदलत चालला होता. शेवटी सुनीता राहिली. ती दुसऱ्या टोळीबरोबर निघायच्या तयारीत होती, हातात खुरपं, डोक्याला फडकं. सासूकडे न बघता तिनं हात पुढं केला. सुईला भ्यायली नाही.

सिस्टरनं आकडा पाहिला. यंत्र पुसलं, दुसऱ्या बोटातून पुन्हा थेंब घेतला. तोच आकडा. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "पाच. ही उभी कशी आहे?"

कमलताईंनी सुनीताच्या हातातलं खुरपं काढून घेतलं. ज्या बाईला मी कधी शब्दाविना पाहिलं नव्हतं ती हातात दोन खुरपी घेऊन अंगणात उभी होती. टोळी त्या दिवशी त्यांच्याशिवाय गेली. आमच्या जीपमध्ये मागच्या सीटवर सासू-सुना बसल्या, मध्ये एक माणूस बसेल एवढं अंतर ठेवून.

तीन दिवसांनी दुपारी मी सेवाग्रामला गेले. संत्री घेतली होती. बायकांच्या वॉर्डात शेवटून दुसऱ्या खाटेवर सुनीता झोपली होती, हाताला रक्ताची नळी. तिचा चेहरा झोपेत लहान मुलीसारखा दिसत होता. पायथ्याशी कमलताई बसल्या होत्या. त्या सुनीताचा पाय दाबत होत्या. टाचेपासून पोटरीपर्यंत, सावकाश, कपाशी वेचणाऱ्या चिरलेल्या बोटांनी. सासू सुनेचे पाय दाबते आहे, हे शेजारच्या खाटेवरची म्हातारी डोळे फाडून बघत होती. ताईंना त्याची पर्वा नव्हती.

मी दारातच थांबले. मला आत जायचं धैर्य नव्हतं. संत्र्यांची पिशवी कुणाकडं तरी देऊन परत फिरावं असा विचार करत होते. तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं.

"उभी काऊन हायेस?" त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, झोपमोड होऊ नये म्हणून. "ये इकडे. बस."

मी गेले. स्टूल एकच होतं, त्यावर त्या होत्या. मी खाटेच्या कडेवर टेकले.

"डाक्टर म्हनते, लय दिवसाचं हाय हे. बरी होईन म्हनते." त्यांचे हात थांबले नव्हते. "दोन वर्सं मी तिले उठवत राह्यली."

मी संत्र्यांची पिशवी खाटेखाली ठेवली.

त्यांनी मानेनं खूण केली. "तो दुसरा पाय धर."

मी धरला. पाय थंड होता, तळव्याला भेगा पडलेल्या. पायातलं जोडवं सैल झालं होतं. मला पाय दाबता येत नव्हते. घरी कधी कुणाचे दाबले नव्हते. मी त्यांच्या हातांकडे बघत बघत तसंच करत गेले. नळीतून रक्त थेंबाथेंबानं उतरत होतं.

मग सुनीता हलली. तिच्या पापण्या उघडायला लागल्या तसे कमलताईंनी झटकन हात काढून घेतले, पदराखाली घेतले आणि एकदम खडसावणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "झोप. अजून अर्धी बाटली बाकी हाय."

सुनीतानं सासूकडे पाहिलं. मग खाली, पायाशी पाहिलं. माझे हात तिथंच होते. मला ते वेळेवर काढता आले नव्हते.